१८८१ साली काळ्या पाण्यावर गेलेल्या खापरपणजोबांची कोठडी कुठे शोधायची?

प्रश्न असा आहे : "माझे खापरपणजोबा सातारा जिल्ह्यातले. बांधाच्या भांडणात भावकीतल्या एकाचा खून झाला आणि १८८१ साली त्यांना जन्मठेप काळं पाणी झालं. ते परत आले नाहीत. घरात सांगतात, सेल्युलर जेलमध्ये कोलू ओढता ओढता गेले. येत्या हिवाळ्यात आम्ही सगळे पोर्ट ब्लेअरला जाणार आहोत. त्यांची कोठडी कशी शोधायची? भिंतीवर नाव असेल का? आणि त्यांचे नेमके काय हाल झाले असतील?"

मी बरीच वर्षं दप्तरखान्यांत अंदमानच्या वसाहतीचे कागद वाचतो आहे. अशा कुटुंबांना नोंदी शोधून देण्याचं कामही करतो. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर थोडक्यात : त्यांची कोठडी तिथे नाही आणि भिंतीवर नावही नसणार. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ साली सुरू झालं आणि १९०६ मध्ये पुरं झालं. तुमचे खापरपणजोबा अंदमानात उतरले तेव्हा त्या तुरुंगाचा नकाशासुद्धा कोणी काढला नव्हता. संगमरवरी पाट्यांवर नावं आहेत ती राजकीय कैद्यांची, आणि तीही मुख्यतः १९०९ नंतरच्या काळातली. खून, दरोडा, जाळपोळ अशा गुन्ह्यांसाठी गेलेल्या हजारो सामान्य माणसांची नावं तिथे कोणी कोरलेली नाहीत.

म्हणून तुमच्या घरची आठवण खोटी ठरत नाही. माणूस गेला, परतला नाही, एवढा तिचा गाभा खरा आहे. कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, आणि कोठडी तिला नंतर चिकटली. सावरकर बंधूंच्या हालांची हकिगत महाराष्ट्रात घरोघर पोचली. दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, काथ्या कुटायचा, कमी पडलं तर दंडाबेडी किंवा खडाबेडी, जेलर बारीचा दरारा, गळ्यातल्या बिल्ल्यावर सुटकेचं साल १९६०. हे चित्र इतकं ठसलं की त्याआधी पन्नास वर्षं तिथे गेलेल्यांच्या वंशजांनीही आपल्या माणसाला त्याच कोठडीत नेऊन बसवलं. मराठवाड्यापासून कोकणापर्यंत अनेक घरांतून मी हीच गोष्ट जवळजवळ याच शब्दांत ऐकली आहे.

तेव्हा खरा प्रश्न असा धरू : १८८१ साली साताऱ्याहून गेलेल्या साध्या शेतकरी कैद्याला काळं पाणी म्हणजे काय भोगावं लागलं? यातलं बरंच काही त्यांचं वय, अंगातली ताकद, हातातलं कसब, लिहिता-वाचता येत होतं की नाही, आणि टोळीवर कोण टिंडेल, म्हणजे मुकादम, मिळाला यांवर अवलंबून होतं. लिहिता येणारा माणूस मुन्शी म्हणून कचेरीत सावलीला बसे. सुतार, लोहार, गवंडी यांना कारखान्यात किंवा बांधकामावर घेत. ज्याच्याकडे फक्त दोन हात होते, त्याच्या वाट्याला जंगल आणि दलदल येई.

गेले ते अंदमानलाच, हे मात्र मी जवळपास खात्रीने सांगेन. त्याआधीच्या काळातलं असतं तर आणखी चौकशी करावी लागली असती. अंदमानची वसाहत सुरू होण्यापूर्वी हिंदुस्थानातले जन्मठेपेचे कैदी पिनांग, मलाक्का, सिंगापूर, मॉरिशस, तेनासरीम असे विखुरले जात. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदी कैद्यांनी बांधलेलं आहे. त्या काळी, १८४९ पर्यंत, अशा कैद्याच्या कपाळावर गोंदून त्याचा गुन्हाच कायमचा लिहिला जाई, म्हणजे पळाला तरी तोंड लपवायला जागा नको. सिंगापूरचा कैद्यांचा तळ १८७३ मध्ये मोडला आणि मग अंदमान हेच मुख्य ठिकाण उरलं. अपवाद होते. वासुदेव बळवंत फडक्यांना १८८० च्या सुरुवातीला एडनला नेलं आणि १८८३ च्या फेब्रुवारीत ते तिथेच वारले. पण तो सरकारने मुद्दाम केलेला अपवाद होता. भावकीच्या खुनातल्या शेतकऱ्यासाठी कोणी एडनचा विचार करत नसे.

मुंबई इलाख्यातल्या अशा कैद्यांना साधारणपणे ठाण्याच्या तुरुंगात आणून ठेवत आणि तिथून चलान, म्हणजे कैद्यांची तुकडी, निघे. पायात बेड्या, अंगावर तुरुंगाचे कपडे, आणि जहाजाच्या तळात दाटीने बसवलेली माणसं. ज्याने कृष्णेच्या पुरापेक्षा मोठं पाणी बहुधा कधी पाहिलं नसेल त्याला किनारा दिसेनासा होताना काय वाटलं असेल, हे कोणत्याही कागदात लिहिलेलं नाही. मात्र एका गोष्टीचे उल्लेख जुन्या कागदांत वारंवार येतात : जातीची भीती. समुद्र ओलांडणं, कोणाच्याही हातचं अन्न खाणं, एकाच पिंपातलं पाणी पिणं. आज आपल्याला ही भीती चुकीची वाटेल, पण त्या माणसासाठी तो परतीचा दोर कापला जाण्याचा क्षण होता. शिक्षा संपवून आलो तरी पंगतीला कोण बसवील, हा विचार त्याने जहाजातच केला असणार. सरकारलाही हे पक्कं ठाऊक होतं. या शिक्षेची जरब त्यावरच उभी होती.

अंदमानात उतरल्यावर पहिला शत्रू म्हणजे ताप. याची पार्श्वभूमी सांगायला हवी. १७८९ मध्ये लेफ्टनंट ब्लेअरने तिथे पहिल्यांदा वसाहत वसवली, ती रोगराईमुळे १७९६ मध्ये सोडून द्यावी लागली. हे माहीत असूनही १८५७ नंतर सरकारने तीच जागा पुन्हा निवडली. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैदी घेऊन उतरला. चॅटम बेटावर गोडं पाणी पुरेना म्हणून मुक्काम रॉस बेटावर हलवला. पहिल्या तीन-चार महिन्यांत साडेसातशेहून अधिक कैदी तिथे पोचले. त्यांतले साठहून अधिक इस्पितळात मेले, सुमारे १४० जंगलात पळाले आणि पुन्हा दिसले नाहीत. पळून पकडल्या गेलेल्या ८० हून अधिक जणांना वॉकरने फासावर चढवलं. पळणाऱ्यांची समजूत अशी की जंगल पार केलं की ब्रह्मदेशाची वाट लागते आणि तिथला राजा आश्रय देतो. वाट नव्हतीच, चहूकडे समुद्र. दुधनाथ तिवारी नावाचा एक कैदी त्या जंगलात अंदमानी लोकांत वर्षभर राहिला, तिथेच त्याने संसार मांडला आणि मे १८५९ मध्ये परत येऊन अंदमानी लोकांच्या नियोजित हल्ल्याची खबर इंग्रजांना दिली. त्याला माफी मिळाली. त्याच्याबरोबर पळालेले बहुतेक जण जंगलातच मारले गेले होते.

१८८१ पर्यंत वसाहत बरीच बसली होती. बराकी होत्या, इस्पितळं होती, मृत्यूचं प्रमाण सुरुवातीइतकं भयंकर राहिलं नव्हतं. पण हिवताप गेला नव्हता. डासामुळे हिवताप होतो हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला दाखवलं ते १८९७ मध्ये. त्याआधी डॉक्टर दलदलीच्या हवेला दोष देत, म्हणून खाजणं भरून काढण्याचा सपाटा लावला होता. उपाय अगदीच चुकीचा नव्हता. फक्त ती खाजणं भरायला कमरेइतक्या चिखलात उभे राहत ते कैदी. म्हणजे रोग हटवायचं काम रोग्याच्याच अंगावर. त्यात तिथला पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास, मे ते डिसेंबर. तुमचं गाव माण-खटावच्या बाजूचं असेल, तर ५०० मिलिमीटर पावसावर वाढलेला माणूस ओल्या कपड्यांनी सहा-सात महिने काम करतोय, ही कल्पना करून बघा. ताप, हगवण, पायाच्या न भरणाऱ्या जखमा आणि छातीचे विकार यांनी माणसं खचत. बहुतेक मृत्यू असेच झाले, फासावर किंवा फटक्यांनी नव्हे.

काम कोणतं? जंगल तोडणं, ओंडके वाहणं, रस्ते आणि धक्के बांधणं, विटा भाजणं, चुना जाळणं, साहेबांच्या बागा आणि घरं राखणं. चॅटमवरची लाकूड कापायची गिरणी १८८३ ची. तुमचे खापरपणजोबा तेव्हा तिथे असतील तर तिच्यासाठी लाकूड ओढणाऱ्यांत ते असण्याची शक्यता चांगली आहे. आणि ते १८९६ पर्यंत जगले असतील, तर आणखी एक शक्यता उरते, ती तुमच्या घरच्या गोष्टीपेक्षाही मला जास्त अस्वस्थ करते. सेल्युलर जेल बांधला तोही कैद्यांच्याच मजुरीने. ज्या तुरुंगात ते होते असं तुम्ही समजत होता, त्याचे दगड आणि विटा त्यांनी वाहिलेल्या असू शकतात.

अंदमान म्हणजे चार भिंतींचा तुरुंग, ही समजूत या काळापुरती बाजूला ठेवा. सगळं बेटच तुरुंग होतं. कैदी रात्री बराकीत आणि दिवसा उघड्यावर. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी शेर अली आफ्रिदीने होपटाउनच्या धक्क्यावर व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला सुरीने भोसकून ठार केलं, ते यामुळेच शक्य झालं. शेर अली स्वतः कैदी होता, वागणूक चांगली म्हणून न्हाव्याचं काम करत बेटावर हिंडत होता. त्याला व्हायपर बेटावर फाशी दिलं. त्यानंतर शिस्त आवळली गेली, आणि तुमच्या घरचा माणूस पोचला तो या आवळलेल्या काळात. नियम मोडणाऱ्याला व्हायपरच्या तुरुंगात साखळदंडात कामाला जुंपत. मनाला येईल तसा छळ करायला मात्र साहेबाची गरज नसे. टोळीवर देखरेख करणारे टिंडेल, पेटी ऑफिसर आणि जमादार हेही कैदीच असत. चार पावलं वर चढलेला कैदी खालच्याच्या कामावर, भाकरीवर आणि पाठीवर राज्य करी. सरकारचा पगार वाचे आणि कैद्यांची एकजूटही होत नसे. माझ्या मते त्या व्यवस्थेतली सर्वांत दुष्ट युक्ती हीच होती.

हाल म्हटलं की आपण फटके, बेड्या, उपासमार एवढंच मोजतो. ते सगळं होतंच. पण कागद वाचताना मला सर्वांत जड जातो तो भाग वेगळा आहे. सरकारला तुमच्या खापरपणजोबांना नुसती शिक्षा करायची नव्हती, त्यांना तिथे रुजवायचं होतं. दहा-बारा वर्षं मजुरी नीट केली की कैद्याला तिकीट मिळे. मग तो बराकीतून सुटून गावात राहू शके. त्याला जमिनीचा तुकडा मिळे, तो पिकवून स्वतःचं पोट स्वतः भरायचं. लग्न करायचीही मुभा असे. घरची बायको-मुलं बोलावून घ्यायची असतील तर सरकार खर्च करायला तयार असे. जिल्ह्याच्या अंमलदारामार्फत तिला विचारणा जाई.

ती विचारणा साताऱ्यातल्या एखाद्या वाड्यावस्तीवर कशी पोचली असेल, हे डोळ्यांसमोर आणा. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. तो जिवंत आहे हेच कदाचित तिला तेव्हा कळलं. मुलं सासऱ्याच्या किंवा भावाच्या आधाराने वाढलेली. काळं पाणी ओलांडून जायचं म्हणजे तीही जातीबाहेर, मुलंही. फारच थोड्या बायका गेल्या. बहुतेकींनी नाही म्हटलं, किंवा त्यांच्या वतीने भावकीने नाही म्हटलं. तिकडे त्या माणसाला एवढंच कळायचं की घरून नकार आला. त्या नकाराला कोणी निर्दय म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. ती बाईही त्याच शिक्षेची वर्षं भोगत होती, तिच्यावर खटला न चालवता.

मग काही जण तिथेच लग्न करत. वसाहतीत बाई कैदी फार कमी. १९०१ च्या सुमारास १२ हजारांच्या आसपास कैदी होते, त्यांत बायका हजाराच्याही आत. त्यांतल्या बऱ्याच जणी नवऱ्याच्या किंवा तान्ह्या मुलाच्या खुनासाठी आलेल्या. त्यांचा वेगळा तुरुंग होता, तिथे सूत काढणं आणि विणकाम. काही वर्षं काढल्यावर त्यांना तिकीटवाल्या पुरुषाशी लग्न करता येई. साताऱ्याचा कुणबी आणि अवध किंवा बंगालची बाई असे संसार उभे राहिले. त्यांच्या मुलांना आजही अंदमानात 'लोकल बॉर्न' म्हणतात. त्यांची घरातली भाषा हिंदुस्थानी, जातीची बंधनं पुष्कळ सैल. यात काही चांगलंही घडलं हे मी नाकारणार नाही. पण त्याची किंमत मोजणारे आणखी एक लोक होते. वसाहतीबरोबर आलेल्या रोगांनी, विशेषतः १८७७ च्या गोवराच्या साथीने, मूळचे अंदमानी लोक जवळपास संपत आले. कैद्यांच्या दुःखाबद्दल लिहिताना त्यांचा उल्लेख टाळणं मला जमत नाही.

आता "परत आले नाहीत" याकडे येऊ, कारण तुमच्या सगळ्या शोधाची किल्ली इथे आहे. याचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, पहिल्या चार-पाच वर्षांत ते तापाने किंवा हगवणीने गेले. दुसरा, तिकीट मिळून तिथेच म्हातारे झाले, एकटे किंवा नव्या संसारात. तिसरा, वीस-पंचवीस वर्षांनी सुटकाही मिळाली, पण ते गावी आले नाहीत, किंवा येऊन कोणी घरात घेतलं नाही आणि ते दुसरीकडे कुठे तरी राहिले. तिसरी शक्यता कुटुंबं पटकन झटकून टाकतात. तुम्ही तसं करू नका. दुसरी शक्यता खरी निघाली तर अंदमानात तुमची भावकी असू शकते.

शोधायला सुरुवात घरापासून करा. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जात, मेलेल्या माणसाचं नाव आणि साल एवढं एका कागदावर लिहा. त्या काळच्या इंग्रजी नोंदीत नाव 'रामा बिन सखाराम' अशा पद्धतीने असतं, आडनाव बहुतेक नसतंच. लिहिणारा कारकून गुजराती किंवा बंगाली असला तर नावाचं रूप ओळखू येणार नाही इतकं बदलतं, म्हणून गावाचं नाव आणि साल यांवर जास्त भर द्या. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात न्याय खात्याचे खंड आहेत. खटला सेशन कोर्टात चालला असणार आणि आधी फाशी सुनावली असेल तर कागद हायकोर्टापर्यंत गेले असतील, तोही धागा धरा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याच्या पोर्ट ब्लेअर शाखेचे कागद आहेत. त्यांतले पुष्कळ 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. तिथे सुटका, माफी, लग्नाची परवानगी, कुटुंब बोलावणं अशा विषयांखाली शोधा, नुसतं नाव टाकून थांबू नका. पोर्ट ब्लेअरमध्येच सगळं मिळेल ही आशा मात्र धरू नका. १९४२ ते १९४५ या जपानी अमलात तिथलं बरंच दप्तर नष्ट झालं.

गावाकडची एक बाजूही पाहा. जमिनीच्या जुन्या कागदांत, मोडीत असतील तरी, खातेदार म्हणून त्यांचं नाव कधी निघालं आणि कोणाचं लागलं हे सापडतं. नाव काढताना 'मयत' लिहिलंय की 'परागंदा' किंवा आणखी काही, यावरून घराला त्या वेळी काय माहीत होतं ते कळतं. मोडी वाचणारे लोक आता पुन्हा बरेच तयार झाले आहेत, त्यामुळे तिथे अडायचं कारण नाही.

आणखी एक विनंती. अशा शोधात कुटुंबांना कधी कधी वाटतं की आपला माणूस क्रांतिकारक निघावा. तुमच्या प्रश्नात तुम्ही खून म्हणून सरळ लिहिलंत, याचा मला आदर वाटतो. तेच धरून ठेवा. त्यांनी खून केला असेल, नसेल, किंवा भावकीने गोवलं असेल. निकालपत्र मिळालं तर अंदाज येईल. पण चिखलात उभं राहून ताप अंगावर काढणाऱ्या माणसाचं दुःख खरं ठरायला तो देशभक्त असावा लागत नाही.

पोर्ट ब्लेअरला (त्याचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे) जरूर जा आणि सेल्युलर जेलही पाहा, तिथे ज्यांनी भोगलं त्यांच्यासाठी. पण तुमच्या माणसाच्या खुणा शोधायच्या तर एक दिवस व्हायपर बेटासाठी ठेवा, एक रॉस बेटासाठी (त्याचं नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे) आणि चॅटमची गिरणी चुकवू नका. शक्य झालं तर लोकल बॉर्न समाजातल्या जुन्या माणसांशी बोला. त्यांच्या घरांतही आजा कुठून आला याच्या गोष्टी असतात, आणि त्यांतल्या काही साताऱ्यापर्यंत येतात. जाण्याआधी दोन-तीन महिने दिल्लीचे कागद चाळून घ्या, म्हणजे कैदी क्रमांक हाताशी असेल. तो असला की पुढचं शोधणं पुष्कळ सोपं होतं. निकालपत्र किंवा क्रमांक यांपैकी काही हाती लागलं की कळवा, त्यातल्या नोंदी कशा वाचायच्या ते मी सांगेन.